मेंदूच्या दुखापतीनंतरचे विद्यापीठीय शिक्षण : एका अध्ययन-साहाय्य सेवेचे परीक्षण

मेंदूला दुखापत झाल्यानंतर मी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि त्या संपूर्ण काळात माझ्या विद्यापीठाच्या अध्ययन-साहाय्य केंद्राची मदत घेतली. या सेवेविषयी लिहिण्यासाठी मी अभ्यासक्रम संपेपर्यंत मुद्दाम थांबले, कारण अशा सेवेची खरी कसोटी पहिल्या सत्रात लागत नाही. पहिल्या सत्रात दुखापत ताजी असते, जखमेची खूण दिसत असते आणि सगळेच मदतीला तत्पर असतात. पुढे केस वाढून खूण झाकली जाते, विद्यार्थी इतरांसारखाच बोलू-चालू लागतो, अभ्यासाचा भार मात्र वाढतच जातो. त्या टप्प्यावर मदत टिकते की नाही, हे पाहून सेवेचे मोल ठरवावे लागते. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. या केंद्रातील साप्ताहिक बैठक इतकी मोलाची होती की तिच्यावाचून मी पदवीपर्यंत पोहोचले नसते. त्याच केंद्रातील नोंदणीची पद्धत मात्र अशी होती की, ज्याला मदतीची गरज सर्वाधिक त्यालाच ती मिळवणे सर्वात कठीण जावे. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. विद्यार्थ्याने स्वतःहून किती गोष्टी लक्षात ठेवायच्या आणि स्वतःहून किती पावले उचलायची, यावर या सेवेचे यशापयश ठरते. जिथे ही अपेक्षा कमी होती तिथे सेवा उत्तम चालली आणि जिथे ती जास्त होती तिथे सेवा असूनही मदत पोहोचली नाही.

ही सेवा कोणासाठी आहे, हे थोडक्यात सांगायला हवे. मेंदूची दुखापत म्हटले की वाहन अपघात डोळ्यांसमोर येतो. परंतु पडणे, खेळताना डोक्याला मार बसणे, पक्षाघात, मेंदूज्वर, मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया किंवा काही काळ प्राणवायू न मिळणे, यांतील कशानेही विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण सारख्याच अडचणी येऊ शकतात. किशोरवयाचा शेवट आणि विशीची सुरुवात हा डोक्याला मार बसण्याचे प्रमाण विशेष वाढलेले असण्याचा काळ आहे, आणि विद्यापीठात शिकण्याचे वयही नेमके तेच. नियोजन करणे, सुरुवात करणे, मोह टाळणे, एका कामावरून दुसऱ्यावर वळणे ही कामे ज्याच्या आधाराने होतात तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. डोके जोराने हादरले की कवटीच्या तळाशी असलेल्या खडबडीत हाडावर मेंदूचा हाच पुढचा आणि बाजूचा भाग घासला जातो. शिवाय आतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात. ती इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. म्हणून 'तुमचा स्कॅन तर नॉर्मल आहे' हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा ऐकलेले असते, आणि तरीही दोन पाने वाचून तिसऱ्या पानावर पहिल्या पानातले काही आठवत नाही हेही तितकेच खरे असते.

नोंदणीसाठी एक अर्ज, तज्ज्ञांचा अहवाल, विभागप्रमुखांची सही आणि ठरावीक मुदत, अशी व्यवस्था होती. वरवर पाहता यात गैर काही नाही. प्रत्येक संस्थेला पुरावा हवा असतो. परंतु हे कागद तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचे, त्यांचा पाठपुरावा करायचा, कोणाचे उत्तर आले नाही हे लक्षात ठेवून पुन्हा विचारायचे आणि मुदतीच्या आत सगळे एकत्र करून द्यायचे, या कामात जी क्षमता लागते तीच तर दुखापतीने हिरावून घेतलेली असते. पायाला दुखापत झालेल्या माणसाला कुबड्या हव्या असतील तर त्या वरच्या मजल्यावरून स्वतः घेऊन जा, असे सांगण्यासारखेच हे आहे. माझा अर्ज वेळेत पोहोचला, कारण घरातल्या एका माणसाने ते काम अंगावर घेतले. ज्यांच्यामागे असे कोणी नाही, त्यांचे अर्ज मुदतीनंतर येतात किंवा येतच नाहीत, आणि मग 'विद्यार्थ्याने मदत मागितली नाही' अशी नोंद होते. मदत न मागणे हे या दुखापतीचे एक लक्षण असू शकते. काहींना आपल्यात झालेला बदल स्वतःला जाणवतच नाही, काहींना तो जाणवतो पण कामाला सुरुवात करणे जमत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही निष्काळजीपणासारखे दिसते.

अर्जात दुखापतीची तीव्रता विचारली होती आणि त्यासाठी ग्लासगो कोमा मापनश्रेणीचा आकडा मागितला होता. आज 3 ते 15 गुणांत मोजली जाणारी ही श्रेणी ग्लासगो येथील मेंदूशल्यविशारद टीझडेल आणि जेनेट यांनी 1974 साली मांडली. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हालचाल करतो का, यावरून शुद्धीची पातळी ठरवण्यासाठी ती आहे, आणि त्या कामासाठी ती जगभर वापरली जाते. दुखापत झाल्यावर पहिल्या काही तासांत काय स्थिती होती हे तिच्यातून कळते. वर्षभरानंतर तो विद्यार्थी दोन तासांच्या व्याख्यानात लक्ष टिकवू शकेल का, याचे उत्तर तिच्याकडे मागणे गैर आहे. 'सौम्य' असा शेरा मिळालेल्या माझ्या एका सहविद्यार्थ्याला पहिल्या सत्रात फारच तुटपुंजी मदत मिळाली, ती या एका आकड्यामुळेच.

त्यानंतर झालेली प्रत्यक्ष मुलाखत मात्र विचारपूर्वक घेतली गेली, आणि याचे श्रेय केंद्राला निःसंकोच द्यायला हवे. माझ्याकडे न्यूरोसायकॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने, केलेल्या चाचण्यांचा अहवाल होता आणि त्यातील बहुतेक गुण सरासरी किंवा त्याहून बरे होते. एखाद्याने तो पाहून 'मग अडचण कुठे आहे?' असे विचारले असते. केंद्रातील माझ्या समन्वयकांनी चाचण्या कोणत्या वेळी झाल्या, खोलीत दुसरे कोणी होते का, मध्ये किती विश्रांती मिळाली आणि घरी परतल्यावर मी काय केले, हे विचारले. मी घरी परतून संध्याकाळपर्यंत झोपले होते. चाचणीच्या खोलीत शांतता असते, समोर एका वेळी एकच काम असते, केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे हे समोरचा माणूस सांगत असतो. विद्यापीठात यातले काहीच नसते. शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बुद्धिमापन चाचण्यांत चांगली कामगिरी करणाऱ्या या व्यक्ती बाजारपेठेत जाऊन काही साधी कामे नियम पाळून उरकण्यात मात्र स्पष्टपणे कमी पडल्या. अनेक सुटी कामे एकाच वेळी सांभाळणे, त्यांचा क्रम लावणे आणि ठरलेल्या वेळी ठरलेले आठवणे ही वेगळी क्षमता आहे. विद्यार्थ्याचा आठवडा बहुतांशी अशाच सुट्या कामांनी भरलेला असतो. माझ्या समन्वयकांना हे ठाऊक होते, आणि मुलाखतीनंतरची सगळी आखणी त्यांनी या जाणिवेतून केली.

आता साप्ताहिक बैठकीविषयी, जिच्यासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच खोलीत आणि त्याच व्यक्तीशी ही भेट ठरलेली असे. मला वेळ घ्यावी लागत नसे. मी आले नाही तर केंद्रातून फोन येई. ही एवढीशी व्यवस्था ऐकताना किरकोळ वाटते, परंतु या सेवेतील सर्वात शहाणपणाचा निर्णय तोच होता. 'गरज वाटेल तेव्हा या' अशी व्यवस्था असती तर मी गेलेच नसते, कारण गरज वाटण्याच्या क्षणी केंद्र आठवले नसते आणि केंद्र आठवले तेव्हा कशासाठी जायचे ते विसरले असते. बैठकीची सुरुवात मागच्या वेळी काय ठरले होते ते वाचून होई. ती नोंद समन्वयकांकडे असे आणि तिची प्रत माझ्या वहीत. 'मागच्या आठवड्यात काय झाले?' हा प्रश्न त्यांनी मला कधीही विचारला नाही. स्मरणशक्ती दुबळी झालेल्या माणसाला प्रत्येक भेटीत आठवायला लावले तर भेटीचा अर्धा वेळ आणि बराचसा धीर तिथेच संपतो.

बैठकीत प्रामुख्याने दोन कामे होत. पहिले आठवड्याची आखणी, आणि ती घड्याळाच्या हिशेबाने न करता थकव्याच्या हिशेबाने. मेंदूच्या दुखापतीनंतरचा थकवा झोप कमी झाल्याच्या थकव्यासारखा नसतो. तो अचानक येतो, विश्रांतीने लवकर जात नाही, आणि आल्यावर वाचलेले वाक्य केवळ अक्षरांची रांग होऊन उरते. याचा एक पटणारा खुलासा डच मानसशास्त्रज्ञ फान झोमेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडला: विचारप्रक्रियेचा वेग मंदावल्यामुळे आणि लक्ष विचलित होत असल्यामुळे, पूर्वी सहज होणाऱ्या कामासाठी माणसाला सतत जास्तीचे प्रयत्न करावे लागतात आणि त्या प्रयत्नांची किंमत थकव्याच्या रूपात मोजावी लागते. म्हणजे चांगली कामगिरी आणि जबर थकवा ही जोडी आहे. कामगिरी चांगली दिसते म्हणून थकवा खोटा ठरत नाही. या समजुतीवर उभी असलेली आखणी वेगळी दिसते. सलग दोन व्याख्याने टाळण्यासाठी एक विषय पुढच्या सत्रात ढकलला गेला. वाचन सकाळी ठेवले, टिपणे साफ करण्यासारखी कामे दुपारनंतर. ग्रंथालयात पांढऱ्या दिव्यांपासून लांबची, भिंतीकडे तोंड असलेली जागा ठरवून दिली. विश्रांती थकल्यानंतर घ्यायची नाही, थकण्याआधी घ्यायची, हे मला पटायला वेळ लागला. थांबायची खरी वेळ ठीक वाटत असतानाच येते, आणि ती पाळणे शिस्तप्रिय विद्यार्थ्याला विशेष जड जाते.

दुसरे काम होते मोठ्या लेखनकार्याचे तुकडे करणे. 'चार हजार शब्दांचा निबंध महिन्याअखेर' ही सूचना माझ्यासारखीसाठी निरुपयोगी असते, कारण तिच्यात सुरुवात कुठून करायची हे लिहिलेले नसते. समन्वयक माझ्याबरोबर बसून त्या निबंधाची पहिली कृती ठरवत, आणि ती कृती इतकी बारीक असे की नकार देण्यासारखे तिच्यात काही उरत नसे: अमुक लेखाची शेवटची दोन पाने वाचून तीन वाक्ये लिहिणे, एवढेच. पुढचा तुकडा मागचा झाल्यावर ठरे. ठरलेल्या वेळी फोनवर एक संदेश येई आणि त्यात 'अभ्यास करा' असे मोघम काही नसून नेमकी कृती लिहिलेली असे. हे संदेश बैठकीतच, माझ्यासमोर, माझ्या फोनमध्ये लावले जात. घरी जाऊन लाव असे सांगितले असते तर ते लागले नसते.

या साध्या उपायामागे भक्कम आधार आहे. कॅलिफोर्नियातील एक अभियंता लॅरी ट्रेडगोल्ड यांच्या मुलाच्या डोक्याला दुखापत झाली होती. त्यांनी नील हर्श या न्यूरोसायकॉलॉजिस्टबरोबर पेजरवर आधारित 'न्यूरोपेज' ही स्मरणसूचनांची प्रणाली तयार केली. पुढे बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 143 व्यक्तींवर तिची पद्धतशीर चाचणी घेऊन 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पेजर असताना 80 टक्क्यांहून अधिक व्यक्ती आपली रोजची कामे लक्षणीयरीत्या अधिक यशस्वीपणे करू शकल्याचे त्यांना आढळले. आज तेच काम प्रत्येकाच्या खिशातला फोन करू शकतो. त्यात सूचना कोण भरणार आणि बदललेल्या वेळा कोण दुरुस्त करणार, एवढाच प्रश्न उरतो. या केंद्राने त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यावर ढकलले नाही, म्हणून हा भाग यशस्वी झाला.

अभ्यास कसा करावा याबद्दलचे मार्गदर्शनही सरसकट नव्हते. सर्वसाधारण विद्यार्थ्याला आज सांगितले जाते की, पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवून पाहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगांत विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन उपयोगी ठरले, पण आठवड्याभरानंतर आठवण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. मात्र ज्याची स्मृती गंभीरपणे बाधित झाली आहे, त्याला अंदाजाने उत्तर द्यायला लावले तर चुकलेले उत्तरच मनात घट्ट बसण्याचा धोका असतो. बॅडली आणि विल्सन यांनी 1994 मध्ये दाखवून दिले की, अशी स्मृती गमावलेल्या व्यक्ती चूक होऊच न देणाऱ्या पद्धतीने अधिक चांगले शिकतात. आपण मघाशी चुकलो होतो हेच आठवत नसेल तर चुकीपासून शिकणार कसे? माझ्या समन्वयकांनी या दोहोंतून मधला मार्ग काढला. नवी संज्ञा आधी बघून म्हणायची, मग थोड्याच वेळाने आठवून, मग अंतर हळूहळू वाढवायचे, आणि खात्री नसेल तर अंदाज न करता सरळ उत्तर बघायचे. हे मला लागू पडले. दुखापतीचे स्वरूप वेगळे असलेल्यांना वेगळे लागू पडेल, आणि ते तपासून ठरवण्याइतका वेळ ही सेवा देते, ही तिची जमेची बाजू आहे.

व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे आणि सहविद्यार्थ्याने लिहिलेल्या नोट्स या दोन सोयींविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. मुद्रण मिळाल्यामुळे वर्गात एखादा मुद्दा निसटला तरी घाबरायला होत नाही, हा दिलासा खरा आहे. पण तासाभराचे व्याख्यान पुन्हा ऐकायला तासाहून अधिक वेळ आणि तितकीच शक्ती लागते. जिची शक्तीच तुटपुंजी आहे तिच्यासमोर न ऐकलेल्या मुद्रणांचा ढीग साचत जातो आणि तो ढीगच एक नवे ओझे होतो. व्याख्यानाआधी मिळालेली एक पानाची रूपरेषा मला सर्व मुद्रणांपेक्षा अधिक उपयोगी पडली, कारण पुढे काय येणार हे माहीत असले की मंद झालेल्या विचारप्रक्रियेलाही ते पकडता येते. सर्वच प्राध्यापक ती देत नसत आणि केंद्र त्यांना तसा आग्रह करू शकत नसे. नोट्सचा दर्जा लिहिणाऱ्यावर अवलंबून होता. काही उत्तम होत्या, काही केवळ फळ्यावरच्या मजकुराची नक्कल.

परीक्षेच्या बाबतीत केंद्राची सुरुवात ठरलेल्या साच्याने झाली: जादा वेळ आणि लेखनिक. जादा वेळ ही जवळपास सर्वत्र दिली जाणारी सोय आहे आणि ज्यांचा वेग कमी झाला आहे त्यांना तिची गरज असतेच. पण ज्याची अडचण थकवा आहे, त्याच्यासाठी तीन तासांचा पेपर चार तासांचा करणे म्हणजे ज्या तासात त्याचा मेंदू काम करत नाही असा आणखी एक तास देणे. लेखनिकाबाबतही तेच. हाताला अशक्तपणा असेल तर लेखनिक अनिवार्य आहे. पण शब्द सापडायला वेळ लागत असेल, वाक्याचा शेवट बोलेपर्यंत सुरुवात विसरली जात असेल, तर समोर लेखणी रोखून वाट पाहणारा माणूस मदत न होता दडपण होतो. माझ्या पहिल्या सत्रातील पेपर याच पद्धतीने झाले आणि शेवटची उत्तरे कोरी राहिली. पुढच्या सत्रात समन्वयकांनी परीक्षा विभागाशी बोलून वेगळी मांडणी मिळवून दिली: स्वतंत्र शांत खोली, दोन पेपरांमध्ये किमान एक रिकामा दिवस, आणि पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत घड्याळ थांबवून घेता येणारी विश्रांती. एकूण लिहिण्याचा वेळ इतरांइतकाच, मध्ये मात्र डोळे मिटून बसण्याची मुभा. निकालातला फरक ठळक होता. हा बदल खर्चिक नव्हता. त्यासाठी एवढेच लागले की, कोणीतरी उत्तरपत्रिकेतला कोरा भाग पाहून तो का कोरा राहिला असे विचारले. माझी सूचना अशी आहे की ही मांडणी पहिल्या सत्रापासून पर्याय म्हणून समोर ठेवावी, आणि पर्याय ठेवताना प्रत्येकाचा अर्थ समजावून सांगावा. अर्जातल्या चौकोनांत खुणा करायला सांगितल्या की बहुतेक जण 'जादा वेळ' यावरच खूण करतात, कारण ते शब्द ओळखीचे असतात.

प्राध्यापकांना केंद्राकडून एक पत्र जाई, ज्यात निदान न लिहिता केवळ आवश्यक सोयी लिहिलेल्या असत. गोपनीयतेची ही काळजी मला आवडली. बहुतेकांनी पत्राचा मान राखला. एका प्राध्यापकांनी वर्गासमोर माझ्या मुदतवाढीचा उल्लेख केला, तेव्हा केंद्राने त्याच दिवशी हस्तक्षेप केला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या करारातील चोविसावे कलम उच्च शिक्षणातही वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी मान्य केलेल्या राष्ट्रांवर टाकते. ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे केंद्रातील प्रत्येकाच्या वागण्यातून जाणवत असे.

सेवेची सर्वात दुबळी बाजू म्हणजे गटकार्य. चार-पाच जणांनी एकाच वेळी बोलणे, मध्येच विषय बदलणे, निर्णय कोठेही न लिहिता पांगणे, ही गटाची रीत असते आणि मेंदूची दुखापत असलेल्याला तिच्यात टिकणे फार अवघड जाते. मी गप्प राहिले की रस नाही असे समजले जाई, तोच मुद्दा पुन्हा मांडला की लक्ष नव्हते असे. केंद्राकडे यासाठी काहीच तयार नव्हते. 'गटाला तुमच्या दुखापतीबद्दल सांगा' हा एकमेव सल्ला मिळाला. आपली दुखापत कोणाला सांगायची हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि गुणांसाठी तो निर्णय घ्यावा लागू नये. प्रत्येक गटाने बैठकीचा लेखी गोषवारा ठेवावा आणि कामे नावानिशी वाटून घ्यावीत, असा नियम सर्वांसाठीच केला असता तर कोणालाच काही उघड करावे लागले नसते, आणि इतरांचेही काम सुधारले असते.

केंद्रात महिन्यातून एकदा मेंदूची दुखापत असलेल्या विद्यार्थ्यांचा गट जमत असे. ज्येष्ठ विद्यार्थी आपल्या वह्या, आपल्या आखणीच्या पद्धती नवख्यांना दाखवत. त्यात तज्ज्ञांकडून न मिळणाऱ्या अनेक बारीक गोष्टी मिळत. या गटाला स्वतंत्र वेळ आणि अधिक शांत खोली मिळायला हवी.

शेवटचा आक्षेप वार्षिक नूतनीकरणाचा. दुखापत अद्याप आहे याचा पुरावा दरवर्षी नव्याने द्यावा लागे. पहिल्या वर्षात बदल वेगाने होतात, त्यामुळे सोयींचा फेरविचार आवश्यकच आहे. माझ्याही काही सोयी दुसऱ्या वर्षी अनावश्यक ठरून काढल्या गेल्या, आणि ते योग्यच होते. परंतु फेरविचार आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज, या वेगळ्या गोष्टी आहेत. साप्ताहिक बैठकीतल्या नोंदी केंद्राकडेच असताना त्यांच्या आधारे हे काम बैठकीतच उरकता आले असते. दुसऱ्या वर्षी माझ्या समन्वयकांनी तो अर्ज माझ्याबरोबर बसून भरला आणि वैद्यकीय अहवालाची मागणीही केंद्राकडूनच पाठवली. तो त्यांचा स्वतःचा चांगुलपणा होता, नियम नव्हता. त्यांची बदली झाली तर पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येईल, हे सांगता येत नाही.

अशी सेवा निवडताना किंवा तिच्यात नाव नोंदवताना पहिल्याच भेटीत सोबत कोणीतरी न्यावे आणि काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. भेटीची वेळ कायमची ठरलेली असेल का, की दर वेळी मागावी लागेल? भेटायला येणारी व्यक्ती तीच राहील का? मी आले नाही तर कोणी विचारेल का? जादा वेळेऐवजी मध्ये विश्रांती मिळू शकेल का, आणि ती कोणत्या सत्रापासून? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर बाकीच्या उणिवा सोसूनही त्या केंद्राचा लाभ घ्यावा, असे मी सुचवेन. माझ्या केंद्राकडून पहिल्या तीन प्रश्नांना होकार मिळाला होता आणि चौथ्याला एका सत्रानंतर.